तुम्हाला माफ आहे

आगीपुढे सगळी माणसं सारखीच, असं सुरक्षा अधिकारी दरवर्षी रंगीत तालमीच्या आधी सांगत असे. साहेब असो की शिपाई, कायम असो की कंत्राटी, आग विचारत बसत नाही. हे सांगताना तो टाचा जुळवून उभा राहायचा आणि गळ्यातली शिटी मुठीत धरायचा, त्यामुळे वाक्याला वजन यायचं. या वर्षीही त्याने ते चौथ्या मजल्यावर येऊन सांगितलं, सगळ्यांवरून एकवार नजर फिरवली, आणि मग खिडकीजवळच्या टेबलापाशी येऊन आवाज खाली आणून म्हणाला, "सर, तुम्ही बसा. तुम्हाला माफ आहे."

भाषाधिकाऱ्याने मान हलवली. एखाद्याने आपल्याला आगीतून वगळलं तर त्याचे आभार मानायचे असतात की कसं, याची काही रीत त्याच्या माहितीत नव्हती. तेवढ्यात भोंगा वाजला. खुर्च्या मागे सरकल्या, पर्सा उचलल्या गेल्या, कुणीतरी "चार्जर घेऊ का" असं विचारलं, कुणीतरी "घे, तेवढाच वाचव" म्हणालं, आणि हसत, रेंगाळत, एकमेकांना पुढे ढकलत सगळा मजला जिन्याच्या दारातून ओघळून गेला. जाताना दोघातिघांनी त्याच्याकडे पाहिलं. घरी राहिलेल्या आजारी मुलाकडे शाळेत निघालेली भावंडं बघतात तसं. त्यात हेवा होता, आणि हेवा वाटतोय याचा किंचित पश्चात्तापही. मग मागे राहिला तो आणि भोंगा. एक खुर्ची स्वतःभोवती अर्धी गिरकी घेऊन थांबली. टेबलाटेबलांवरच्या संगणकांचे पडदे एकेक करून काळे झाले. कुणाच्या तरी कपात चमचा उभा होता. इतकी वर्षं तो या मजल्यावर बसत होता, पण मजला असा एकटा त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता, आणि आल्यावर त्याचं काय करायचं ते त्याला कळेना. त्याने समोरचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

कंपनी विम्याची होती. कंपनीच्या प्रत्येक विमापत्राला दोन बाजू असत. पुढच्या बाजूला कंपनी काय काय देईल ते मोठ्या अक्षरात असे, आणि ते जाहिरातवाले लिहीत. मागच्या बाजूला कंपनी कुठे कुठे काही देणार नाही ते बारीक अक्षरात असे, आणि ते भाषाधिकारी लिहीत असे. नोकरीला लागला तेव्हा तो नुकताच एम.ए. होऊन आला होता आणि भाषा लोकांना समजली पाहिजे असं त्याचं मत होतं. 'सदर परिस्थितीत कंपनीवर कोणतेही दायित्व राहणार नाही' हे वाक्य त्याने खोडलं आणि 'अशा वेळी कंपनी पैसे देणार नाही' असं लिहिलं. वरच्या साहेबांनी त्याचं कौतुक केलं, आठवडाभराने बोलावून घेतलं आणि दायित्व परत आणायला सांगितलं. गिऱ्हाइकांना अर्थ कळू लागला होता. तेव्हापासून त्याने दायित्वाला हात लावला नाही. पाठीमागे त्याला सगळे शुद्धलेखन म्हणत. 'एवढं शुद्धलेखनला दाखवून घे', 'शुद्धलेखन आज रजेवर आहे'. त्यालाही ते माहीत होतं आणि एकदा तो स्वतःच फोनवर "शुद्धलेखन बोलतोय" असं म्हणून गेला होता. माफ हा शब्द या कंपनीत एकाच जागी यायचा: विमा उतरवणारा माणूस कायमचा जायबंदी झाला तर पुढचे हप्ते माफ. म्हणजे माफीसाठी आधी अंगातलं काहीतरी मोडावं लागे. त्याचंही मोडलं होतं. दोन वर्षांपूर्वी हृदयाकडे जाणाऱ्या एका नळीत अडथळा निघाला, तिच्यात तारेची बारीक जाळी बसवली, आणि तो घरी आला तेव्हा त्याला सगळंच माफ झालेलं होतं.

सुरुवातीला बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. बाजारच्या पिशव्या माफ, लग्नकार्यांना जाणं माफ, सोसायटीच्या सभा माफ. बायकोने "तुम्ही बसा हो" हे तीन शब्द इतक्या वेळा उच्चारले की त्यातला 'हो' झिजून गेला आणि नुसतं 'तुम्ही बसा' उरलं. दिवा गेला, ती स्टुलावर चढली. नळ गळू लागला, तिने माणूस बोलावला. बाथरूमची कडी निखळली तेव्हा तो पेचकस शोधायला उठला होता, तर ती म्हणाली, "बसा तुम्ही. कुणाकडून तरी बसवून घेऊ." तो बसला. कडी बसली नाही. आत गेलेल्याने अधूनमधून खोकायचं, असा घरचा शिरस्ता पडला आणि आलेल्या पाहुण्यालाही तो दारातच समजावून सांगितला जाऊ लागला. डॉक्टरने खरं म्हणजे त्याला जिने चढायला बंदी केलीच नव्हती, सावकाश चढा असं सांगितलं होतं. पण डॉक्टरची खोली ते घर एवढ्या अंतरात सावकाश कुठेतरी गळून पडलं आणि घरी पोहोचली ती बंदी. त्यानेही कुणाला दुरुस्त केलं नाही. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्यात त्याचा सगळा दिवस जायचा.

भोंगा एकच सूर धरून बसला होता. सकाळीही असाच एक सूर कानात राहिला होता, ताईचा. ताई मोठी, मधला दादा, आणि शेंडेफळ तो. नोकरीतून निवृत्त व्हायला आला तरी घरात बाळ्याच. आई सहा महिने ताईकडे, सहा महिने दादाकडे असायची, आणि येत्या रविवारी तिला ताईकडून दादाकडे हलवायचं होतं. ताईने एवढंच सांगायला फोन केला होता. "तू येऊ नकोस हं धावपळ करून. सामानबिमान, खाली-वर, आम्ही बघतो. तुला माफ." तो "बरं" म्हणाला होता. दाढी अर्धी झाली होती, उरलेली करताना त्याच्या लक्षात आलं की ताईने आवाज उतरवला नव्हता, समजूत घातली नव्हती, 'राग मानू नकोस' असंही म्हटलं नव्हतं. कपाटाचा एक खण रिकामाच आहे हे सांगावं, तसं तिने सांगितलं होतं. आणि आता तोच शब्द पुन्हा आला होता, सुरक्षा अधिकाऱ्याच्या तोंडून. एका दिवसात दोनदा. शब्दांशी त्याचा जन्माचा संबंध होता, त्यामुळे या शब्दाचं कूळ त्याने केव्हातरी उकरून ठेवलं होतं. अरबीतून फारशीत, फारशीतून आपल्याकडे. मुळाशी दोन गोष्टी: एक, पुसून टाकणं, वाळूतल्या मुक्कामाच्या खुणा वारा पुसून टाकतो तसं, आणि दुसरी, धडधाकट ठेवणं, दुखण्यातून राखणं. तेव्हा त्याला हे फार सुंदर वाटलं होतं आणि त्याने ते टायपिस्टला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "म्हणजे माणूस ठणठणीत राहतो, पण दिसत नाही." मग तिने पुढच्या ओळीचा मजकूर विचारला होता.

दिसत नाही. त्या दोन शब्दांबरोबर इमारतींच्या मागचं ते आवार आलं, सिमेंटची पाण्याची टाकी, तिच्याखालची ओल, कोळ्यांची जाळी, आणि गुडघे पोटाशी घेऊन बसलेला सहा-सात वर्षांचा तो. लपाछपी. त्या दिवशी तो असा लपला होता की तसं आजवर कुणी लपलं नसेल. श्वाससुद्धा तोंडाने घेत होता, आवाज नको म्हणून. वर पावलं धावली, एकेक जण सापडल्याचा गलका झाला, 'धप्पा' झाला, नवं राज्य झालं, पुन्हा गलका. त्याच्यापर्यंत कुणी आलं नाही. आपण जिंकतोय हे कळून त्याच्या पोटात गुदगुल्या होत होत्या. मग आवाज विरळ झाले, मग नुसत्या दूरच्या हाका, मग खिडक्यांमधले दिवे. तो बाहेर आला तर आवार रिकामं. घरी सगळे ताटावर बसले होते. "मला शोधलं का नाही?" त्याने विचारलं, तर दादा तोंडातला घास न थांबवता म्हणाला, "तुला कशाला शोधायचं? तू कच्चं लिंबू ना." खेळात घेतलेला, पण खेळात नसलेला. पकडला तरी पकडला नाही, लपला तरी लपला नाही. त्याच्यावर राज्य कधी यायचं नाही. याचं कारण त्याने पुढे स्वतःशी जुळवून घेतलं होतं: आपण लहान होतो, अशक्त होतो, मोठ्यांनी आपल्याला जपलं. बरीच वर्षं ते कारण चाललं. आज ते चालेना. समोर एवढा मोठा रिकामा मजला होता आणि खालून शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि तो पुन्हा टाकीखाली बसला होता, फरक एवढाच की खुर्चीला चाकं होती.

त्याने ताईला फोन लावला.

"बोल रे. ऑफिसातून? बरा आहेस ना?"

"बरा आहे. ताई, आईला या वेळी माझ्याकडे आणा."

पलीकडची भांडी वाजायची थांबली. "हा कसला आवाज येतोय?"

"आग लागल्याचा."

"काय?"

"खोटी खोटी. तालीम आहे. सगळे खाली गेलेत."

"आणि तू?"

"मला माफ आहे."

ताई हसली. मनापासून हसली, तशी ती अलीकडे फारशी हसत नसे. "अजून कच्चं लिंबूच का रे तू?"

"तुम्हीच केलंत. मी आजारी असायचो म्हणून."

"कसला आजारी? गोवर आला होता एकदा, तो आम्हालाही आला होता. तुझ्यावर राज्य आलं की तू घरी निघून जायचास. पाणी पिऊन येतो म्हणून. पाणी प्यायला गेलेला माणूस एकदम जेवतानाच दिसायचा. खेळ आपला तसाच लोंबकळतोय. मग दादाने नियम काढला, याच्यावर राज्य द्यायचंच नाही."

भाषाधिकाऱ्याने हे ऐकलं आणि त्याला अचानक घरातल्या माठाचं थंड झाकण हाताला लागलं. पाण्याची चव आठवली, खिडकीतून ऐकू येणारं 'अरे राज्य कुणावर आहे' आठवलं, आणि आपण खिडकीखाली बसून दुसरा पेला सावकाश पीत होतो हेही आठवलं. कुठे होतं हे इतके दिवस? टाकीखालची कोळ्याची जाळी तेवढी त्याने जपून ठेवली होती.

"ते जाऊ दे," तो म्हणाला. "आईचं बोल. मी करीन तिचं सगळं. बाबांच्या वेळी केलंच होतं की."

ताई म्हणाली, "बाळ्या, बाबांच्या वेळी तू दवाखान्यात बसायचास ना, तेव्हा मला झोप नसायची."

"का?"

"तासातासाला फोन. सलाइन संपत आलंय, काय करू. बाबा कुशीवर झालेत, काय करू. बाबा काही बोलत नाहीत, काय करू. अरे, नर्स तुझ्यासमोर बसलेली असायची. तुझी पाळी म्हणजे मला दोन पाळ्या. मग मी म्हटलं, त्यापेक्षा आपणच बसलेलं बरं. माफ तुला नव्हतं केलं, माझं मला करून घेतलं."

"आणि हे माझ्या हृदयाचं?"

"त्यामुळे सांगायला सोपं झालं," ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. बासष्ट-त्रेसष्ट वर्षांची दमलेली बाई होती ती, गुडघ्यांना पट्टे बांधून आईला उठवत होती, बसवत होती, आणि हिशेब चुकता करायचाही तिला कंटाळा आला होता.

"तरी आण," तो म्हणाला.

"अरे, तिला हाताला धरून न्यावं लागतं. तुमची लिफ्ट अधूनमधून बंद पडते. उद्या तुमच्याकडे खरंच काही झालं तर तिला घेऊन जिने उतरशील तू? तू एकटा तरी उतरशील का?"

"उतरीन. विचारून तर बघ तिला."

"विचारते. अंघोळीला बसलीय, बाहेर आली की विचारते. ठेव आता. आणि तो भोंगा बंद करायला सांग कुणाला तरी."

फोन ठेवल्यावर तो उठला. शर्ट खोचला. जिन्याच्या दारावर हिरव्या रंगात एक धावणारा माणूस काढलेला होता. त्याला तोंड नव्हतं, पण घाई होती. भाषाधिकाऱ्याने दार ढकललं. जिना अरुंद होता, सिगारेटच्या जुन्या वासाचा, आणि भोंगा इथे भिंतींवर आपटून दुप्पट होत होता. पहिल्या काही पायऱ्या ठीक गेल्या. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीत काहीतरी हललं आणि हात आपोआप खिशातल्या फोनवर गेला. हललं ते काय होतं? जाळी? की नुसती भीती? ताईला विचारावं? छातीत हललंय, काय करू. त्याने हात खिशातून बाहेर काढून कठड्यावर ठेवला. कठडा चिकट होता. आईला धरून उतरताना हा हात कुठे असेल याचा त्याने विचार केला. एक तिच्या दंडाला, एक कठड्याला, मग पिशवी कुणी धरायची? आई पिशवीशिवाय कुठे जात नाही. बाबांच्या खाटेपाशी बसलेला तो त्याला दिसला, फोन कानाला, आणि बाबांची त्याच्याकडे लागलेली नजर. ती नजर त्याने आजवर कृतज्ञतेची म्हणून सांभाळली होती. बाबांना कदाचित एवढंच म्हणायचं असेल की बाळ्या, आधी तो फोन ठेव. दुसऱ्या मजल्यावर तो टेकला, भिंतीला पाठ लावून. कुणी मागून येत नव्हतं, कुणी पुढे जायला सांगत नव्हतं. मग पुन्हा निघाला, एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर आणत, लहान मूल उतरतं तसा, आणि फोन केला नाही.

तळाला उजेड अंगावर आला. सगळं कार्यालय वाहनतळावर मजल्यामजल्यांच्या रांगा करून उन्हात उभं होतं. चौथ्या मजल्याच्या रांगेच्या शेवटी जाऊन तो उभा राहिला. पुढच्या मुलीने वळून पाहिलं, सरकून जागा दिली. सुरक्षा अधिकारी बोट पुढे करून डोकी मोजत येत होता. रांगेच्या शेवटी पोहोचला, थांबला, परत पहिल्या डोक्याकडे गेला आणि पुन्हा मोजत आला. दुसऱ्या मोजणीनंतर तो म्हणाला, "एक जास्त येतोय."

रांगांमधून एक उसासा निघाला. उन्हात उभं राहणं कुणालाच माफ नव्हतं.

"बाहेरचं कोण आहे यात?" अधिकाऱ्याने विचारलं. कडेला एक कुरिअरवाला उभा होता, त्याच्यावर सगळ्यांचे डोळे वळले.

"मी नाही साहेब," तो म्हणाला. "मी नुसता बघतोय."

मग अधिकाऱ्याची नजर भाषाधिकाऱ्यावर आली आणि शिटी त्याच्या मुठीतून सुटून छातीवर पडली. "सर? तुम्ही वर होता ना?"

"उतरलो."

"अहो पण तुम्हाला माफ होतं. तुम्हाला वजा करून आकडा दिलाय मी वर."

"मग आता मिळवा."

"मिळवा काय सर, सगळं पुन्हा मोजायला लागणार." तो जवळ आला, आवाज खाली आणला, वाईट माणूस नव्हता तो. "सर, खरं सांगतो, राग नका मानू. मागच्या वर्षी जिन्यात तुम्ही मधे होता, तुमच्या मागे वरचे तीन मजले अडकले. वरून मला विचारणा झाली. म्हणून म्हटलं, यंदा सरांना बसू दे."

"मला वाटलं माझ्या तब्येतीमुळे."

"तब्येतीमुळेच की," अधिकारी गोंधळून म्हणाला, आणि मागे वळून ओरडला, "सगळ्यांनी जागेवर. पहिल्यापासून." रांगांमधून कुणीतरी पुरेशा मोठ्याने म्हणालं, "शुद्धलेखनाची एक चूक, सगळा वर्ग परत लिहा," आणि लोक हसले. भाषाधिकारीही हसला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि लोक त्याच्यावर चिडलेले होते, सरळ, त्याच्या तोंडावर. किती वर्षांत कुणी असं चिडलं नव्हतं त्याच्यावर. अधिकाऱ्याचं बोट रांगेवरून सरकत आलं, त्याच्यापाशी आलं, त्याच्या छातीसमोर क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. त्याला मोजलं होतं.

फोन वाजला. ताई.

"ताई, उतरलो मी. चारी मजले. जिन्याने."

"बरं केलंस. दम लागला का?"

"लागला. तुला फोन नाही केला."

"हो, ते आलं लक्षात," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा सैल झाल्यासारखा वाटला. "आईला विचारलं मी."

"मग?"

"नको म्हणते."

त्याने रांगेतून बाजूला होऊन भिंत गाठली. "ताई, तिला सांग, मी आता तसं नाही करणार. पाणी प्यायला म्हणून जाणार नाही कुठे. तासातासाला फोन नाही, अर्ध्या रात्री नाही, काही नाही. बाबांच्या वेळचं ती मनात ठेवून असेल तर..."

"अरे, तिच्या मनात तसलं काही नाही. लिंबू नाही, फोन नाही, तुझी जाळीसुद्धा तिला धड ठाऊक नाही. मागे आली होती ना ती तुझ्याकडे दोन दिवस? ती म्हणते, त्याच्या बाथरूमला कडी नाही. या वयात मी काय आत बसून खोकत राहू, म्हणते."

भोंगा बंद झाला होता. केव्हा झाला ते कळलं नाही. मागे अधिकारी डोकी मोजत होता, आणि भाषाधिकारी फोन कानाला लावून घरचं बाथरूम आठवत होता. कडी खरंच नव्हती. ती खिडकीत, साबणाच्या जुन्या डबीत होती, स्क्रूंसकट.